एक्केचाळीस चौकटींचा दगड

क्लॅरी टॅरंटला गाईंची भीती वाटायची, आणि जन्म मात्र चाळीस गाईंच्या घरात झालेला. गाई, घोडे, ओढ्याचं पाणी, छपरावर धावणारे पॉसम, बापाची चाहूल, सगळ्यालाच तो भ्यायचा. शाळेत त्याला कुणी क्लॅरी म्हणत नसे. कोळ्याच्या घरचा डिनी क्विल्टर त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने एकदा 'ससा' म्हटलं आणि सगळ्या टोरामी गावाने ते उचललं. आमच्या या किनाऱ्यावर सशांना विष घालतात, तेव्हा ते काही लाडाचं नाव नव्हतं.

एका गोष्टीला मात्र तो भीत नसे, मलईच्या यंत्राला. दूध वरच्या भांड्यात ओतायचं आणि दांडा फिरवायचा, की एका नळीतून मलई येते आणि दुसरीतून निवळ दूध. मिनिटाला साठ फेरे, कमी नाहीत, जास्त नाहीत. दांड्याला एक घंटी असते. फेरे कमी पडले की ती टिंगटिंग करते, वेग बरोबर आला की गप्प बसते. हळू फिरवलं तर मलई पातळ येते आणि लोण्याचा कारखाना कॅन परत पाठवतो. जोरात फिरवलं तर ती घट्ट होते, गोळा होऊन नळीत तुंबते.

वळू सुटला होता त्या संध्याकाळी सात वर्षांच्या क्लॅरीने दांडा फिरवला. बापाने कॅनमध्ये बोट बुडवलं आणि गोठ्याकडे तोंड करून ओरडला, "आज पोरगं भ्यालंय बघा! मलई कशी चाकूने कापावी तशी आलीये."

टोरामीत हे सगळ्यांना माहीत असतं. भ्यालेलं पोर यंत्र जोरात फिरवतं. कुणाच्या घरात भांडण झालं, कुणाचा बाप पिऊन आला, हे कारखान्यातला माणूस कॅनचं झाकण उघडून सांगू शकायचा.

त्यानंतर क्लॅरीने एक युक्ती काढली. आई कपडे वाळत घालताना एक चाल गुणगुणायची, ती तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा आणि चालीवर हात फिरवायचा. चाल सुरू असेपर्यंत भीती बाहेर थांबायची. त्याच्या मलईबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

तो एकोणीस वर्षांचा असताना गावच्या सभागृहात फिरता सिनेमा आला. प्रोजेक्टर फिरवणारा माणूस हॉटेलच्या बारमध्ये असा झोपला की उठेचना. सिनेमाच्या मालकाने बाकांवरच्या लोकांना विचारलं, कुणाचा हात बरा आहे? दहा बोटं क्लॅरीकडे वळली. तो मान हलवत होता, तरी लोकांनी त्याला पुढे ढकललं. खेळ संपेपर्यंत मालक हातात घड्याळ धरून त्याच्या शेजारी उभा होता. दुसऱ्या दिवशी तो क्लॅरीला सिडनीला घेऊन गेला.

तिथे तीन वर्षांत त्याच्या हाती कॅमेरा आला. त्या काळी कॅमेऱ्याला मोटर नव्हती. बाजूच्या दांड्याचे सेकंदाला दोन फेरे घेतले की फिल्मच्या सोळा चौकटी उमटायच्या, आणि दाखवतानाही त्याच वेगाने दाखवायचं. चित्रण करताना हात मंदावला तर पडद्यावर माणसं माकडांसारखी धावतात. हात जोरात चालला तर त्याच वेळात चौकटी जास्त उमटतात, आणि पडद्यावर सगळं मधात बुडाल्यासारखं सावकाश होतं. मलईच्या दुप्पट वेग, बस्स. क्लॅरीने तीच चाल दुप्पट केली.

त्याने पुरात वाहून जाणारी घरं टिपली, शर्यतीत कोसळलेले घोडे टिपले, वणव्याच्या इतकं जवळ जाऊन चित्रण केलं की कॅमेऱ्याच्या लाकडाचा रंग फुगला. हातात दांडा नसला की तो रस्ता ओलांडतानाही दचकायचा. सिडनीत म्हणायचे, टॅरंटच्या मनगटात घड्याळ आहे. थोरल्या बहिणीला, नोराला, त्याने एकदा लिहिलं होतं, "मी शूर झालेलो नाही. फिरवत असताना मला माझी आठवण राहत नाही, इतकंच."

नोरा तोवर डिनी क्विल्टरची बायको झाली होती. ती दोघं माझे पणजोबा-पणजी. जुन्या फिल्मा दुरुस्त करायचं माझं काम आहे, आणि टोरामीच्या त्या दिवसाचं रीळ आमच्याच घरात बिस्किटांच्या डब्यात सापडलं, म्हणून हे सगळं इतकं मोजून सांगता येतंय.

१९११ च्या मार्चमध्ये ऑगस्टस पेल नावाचा दिग्दर्शक आपली मंडळी घेऊन टोरामीला आला. गोष्ट एका फरार दरोडेखोराची होती. पोलीस पाठीशी लागतात, तो काळ्या कड्यावरून समुद्रात उडी घेतो आणि बुडतो. उडी मारणार होता गावचाच लेस हॉर्डर, घोड्यावरचा पट्टीचा माणूस. कडा छत्तीस फूट उंच. क्लॅरीने कॅमेरा समोरच्या खडकावर लावला. मधे चिंचोळी खाडी. डिनीला होडी घेऊन खडकाच्या आड बसवलं होतं. पेलसाहेब कड्यावर रुमाल घेऊन उभे राहणार, रुमाल हलला की डिनीने यायचं, त्याआधी होडीचं टोकसुद्धा चित्रात दिसता कामा नये.

"सशा," डिनी खालून म्हणाला, "तुझं हे कॉफी दळायचं यंत्र खाऱ्या हवेत गंजणार."

"हात लावू नकोस त्याला."

"मी कशाला लावू? तूच त्याच्यासकट पाण्यात पडशील, मग मला दोघांना ओढून काढावं लागेल. लेसला आधी काढीन हं. तो निदान दिसायला बरा आहे."

लेस हसला. मग त्याने सगळ्यांना बजावून सांगितलं, "वर आलो की हात तीनदा हलवीन आणि बुडेन. ते नाटक आहे. उगाच कुणी आरडाओरडा करून चित्र नासवू नका."

"फिरव!" पेल ओरडला.

क्लॅरीने चाल धरली. लेस धावत आला आणि उडाला. चित्रात तो सुरेख सरळ खाली गेला. पाणी उसळलं, लेस वर आला. हात हलला. एक. पुन्हा, दोन. तीन. डोकं खाली गेलं. कड्यावर मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

डोकं वर आलं आणि हात पुन्हा हलला.

चौथा हात फक्त क्लॅरीने मोजला. मोजणं हेच तर त्याचं काम. ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आत हवा गेली, बाहेर काहीच आलं नाही. हात मात्र चालूच होता. ती चाल कुठे सुटली ते त्याला कळलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की दांडा सोडला तर आपण कोसळू.

मग कड्यावर कुणीतरी किंचाळलं. पेल कडेपर्यंत धावला, त्याच्या बुटाखालचा पावाएवढा दगड निसटला आणि खाली पाण्यात पडला. रुमाल त्याच्या मुठीत तसाच राहिला. डिनी रुमालाची वाट न बघता खडकाआडून बाहेर आला. वल्ही वाकतील इतका जोर लावून तो आला, असं काठावरची बायकामंडळी नंतर शपथेवर सांगत होती. त्याने लेसला केसांना धरून वर ओढलं. लेसच्या डोक्याला खालच्या खडकाची खोक पडली होती. जीव गेला होता.

रीळ संपलं आणि दांडा सैल फिरू लागला, तेव्हा कुठे क्लॅरीचा हात थांबला.

चार दिवसांनी सिडनीत फिल्म धुऊन पडद्यावर आली. उडी ठीक होती. तीन हात ठीक होते. पुढे सगळं बदललं. लाटा आळसावल्या. होडी खडकाआडून अशी बाहेर आली की जणू माणूस रविवारी बदकांना पाव घालायला निघालाय. वल्हं वर गेलं, थांबलं, थेंब निथळले, मग पाण्यात शिरलं. लेसपर्यंत पोचायला डिनीला पडद्यावर शंभर सेकंद लागले.

क्लॅरीला पहिल्या वल्ह्यालाच कळलं. ती डिनीची सुस्ती नव्हती. ती त्याची स्वतःची भीती होती, पडद्याएवढी मोठी. मलई घट्ट आली होती.

"बघ!" पेल खुर्चीतून उठला. "बघ कसा रमतगमत येतोय हरामखोर! आणि लोक मला विचारतायत रुमालाचं! बघितलंस ना टॅरंट?"

क्लॅरीच्या तोंडून निघालं, "हो, मिस्टर पेल."

ती फिल्म पेलने स्वतः पोलिसांकडे नेऊन दिली. टोरामीच्या हवालदाराने डिनीची होडी किनाऱ्यावर ओढून साखळीने बांधली. मृत्यूच्या चौकशीत पंचांनी हलगर्जीपणा ठरवला तर पुढे मोठ्या कोर्टात सदोष मनुष्यवधाचा खटला. म्हणजे तुरुंग. लेसला गावातली सगळी पोरं मानायची. ती आता डिनीच्या दारावरून जाताना हळू, अगदी हळू वल्ही मारल्याचा अभिनय करायची.

चौकशीच्या आदल्या दिवशी क्लॅरी गावात आला. नोराने त्याच्यापुढे चहा ठेवला, गरम स्कोन आणि घट्ट मलई ठेवली. त्याने मलईकडे पाहिलं आणि वाटी बाजूला सारली.

"तू तिथे होतास," नोरा म्हणाली. "सांगशील ना त्यांना, त्याने जीव तोडून वल्हवलं म्हणून?"

"फिल्म बघतीलच ते."

"तीच तर बघतील! लोक म्हणतात फिल्म खोटं बोलत नाही. डिनी दिवसभर अंगणात बसून आपल्या हातांकडे बघतो. काल मला विचारतो, 'नोरा, मी खरंच हळू गेलो का गं?' तुला कळतंय का? त्याला स्वतःलाच शंका यायला लागलीये."

अंगणात डिनी पाठमोरा बसला होता. 'सशा' अशी हाक आली नाही. क्लॅरीला वाटलं, शिवी आली असती तरी चाललं असतं.

सांगितलं तर काय होणार, ते त्याला नीट माहीत होतं. सिडनीत त्याच्याकडे मनगटाशिवाय काही नव्हतं. चेहरा नाही, बोलणं नाही, ओळखी नाहीत. घाबरतो हे कळलेल्या कॅमेरामनला कोण उभं करणार? आणि त्याहूनही वाईट म्हणजे, तो चौथा हात. का ओरडला नाहीस, असं कुणी विचारलं तर?

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. चौकशी चालवणारे कॉरोनर मिस्टर फेन सिडनीकडचे, काटेकोर गृहस्थ. पंचांच्या बाकावर सगळे आपलेच गवळी होते, रविवारचे कोट घालून आलेले. त्यांचा पुढारी म्हातारा सँडी मॅकॉर्ट, एका डोळ्याने आंधळा, पण त्याचे कान वाघाचे.

"प्रोजेक्टर कोण फिरवणार?" फेननी विचारलं.

"ज्याने कॅमेरा फिरवला तोच फिरवेल," पेल म्हणाला. "न्यू साउथ वेल्समध्ये याच्याइतका पक्का हात नाही."

क्लॅरीच्या हातात दांडा आला, आणि त्याच क्षणी त्याला वाट दिसली. तिसऱ्या हातापर्यंत सेकंदाला दोन फेरे. पुढे त्या दिवशी फिरवलं तितक्याच जोराने फिरवायचं. होडी सुसाट येईल, जशी आली होती तशीच. डिनी सुटेल. कुणाला काही सांगायला नको. आणि हे खोटंही नव्हतं. खोटं नव्हतंच ना?

दिवा लागला. लेस धावला, उडाला. हात एक, दोन, तीन. क्लॅरीने दात दाबून दांडा रेटला. पडद्यावर होडी खडकाआडून झेपावली. मागे नोराने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. पेल ताडकन उभा राहिला, पण त्याला काय झालं ते उमगेना.

"थांबव," मॅकॉर्ट म्हणाला.

दांडा थांबला. क्लॅरीने चटकन दिव्यापुढे झाकण ओढलं, नाहीतर फिल्म पेटली असती.

"पोरा," काळोखातून म्हाताऱ्याचा आवाज आला, "मला दिसतं कमी. चित्र काय होतं ते मला नीट कळलं नाही. पण वीस वर्षं मी शेजारच्या खोलीतून मलईच्या यंत्राचा आवाज ऐकत आलोय. उडीनंतर तू वेग वाढवलास."

बाकावर दोघांनी हुंकार भरला. "वाढवला. मीही ऐकला."

"मिस्टर टॅरंट!" फेनचा आवाज चढला. "मृताची फिल्म आहे ही. मेहुण्याला वाचवायला चौकशीत लबाडी करताय?"

घोंगड्या काढल्या. उजेडात सगळे त्याच्याकडे बघत होते. डिनीसुद्धा, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. क्लॅरीने टेबल धरलं. हातात फिरवायला काही नव्हतं.

"मी त्या दिवशी," तो म्हणाला, आणि थांबला. "त्या दिवशी तिथून पुढे मी असाच फिरवला होता. जोरात. म्हणून होडी हळू दिसते. डिनी हळू आला नाही. मी भ्यालो होतो."

"वा!" पेल हसला. "म्हणे भ्याला! हा माणूस वणव्यात शिरलाय."

"लेसने चारदा हात हलवला," क्लॅरी म्हणाला. "तीन ठरले होते. चौथा मी बघितला. ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही. मी नुसता फिरवत राहिलो."

मॅकॉर्ट सावकाश म्हणाला, "म्हणजे मलई घट्ट आली."

"हो, मिस्टर मॅकॉर्ट. फार घट्ट आली."

सगळा बाक मान डोलवू लागला. फेनना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. "मलईवर निकाल देता येत नाही," ते म्हणाले. "याला पुरावा काय? हा जवळचा नातेवाईक आहे."

तेव्हा क्लॅरीने फिल्म हातात घेतली आणि ती खिडकीसमोर धरून बोटांनी सरकवत नेली. सिडनीच्या अंधाऱ्या खोलीत त्याने हे आधीच मोजलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं.

"कड्यावरून दोन गोष्टी पडल्या," तो म्हणाला. "आधी लेस. नंतर मिस्टर पेलच्या बुटाखालचा दगड. कडा तोच, उंची तीच. दगड काही घाईने पडत नाही आणि आळसानेही पडत नाही. लेसच्या पायाने कडा सोडल्यापासून पाण्यापर्यंतच्या चौकटी मोजा. मग दगडाच्या मोजा."

कारकुनाने चष्मा लावला. सभागृहात त्याचं मोजणं तेवढं ऐकू येत होतं. लेस: चोवीस. मग दगड. वीस झाले, चोवीस झाले, तिसाला नोराने तोंडावर हात ठेवला. एक्केचाळीसाव्या चौकटीत पाणी उसळलं.

फेननी स्वतः पुन्हा मोजलं. कागदावर गणित मांडलं. पडद्यावरचे शंभर सेकंद म्हणजे खरे साठही नाहीत. भरल्या समुद्रात तेवढ्या अंतराला साठ सेकंद म्हणजे काय, हे टोरामीतल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावं लागलं नसतं.

"आणि दगड बुटाखालून निसटला तेव्हा रुमाल कुठे होता, मिस्टर पेल?" मॅकॉर्टने विचारलं.

अपघाती मृत्यू, असा निकाल लागला. दारात लेसची आई उभी होती. ती क्लॅरीकडे आली. तो भिंतीला चिकटला.

"चार?" तिने विचारलं.

"चार, मिसेस हॉर्डर."

ती वळली आणि निघून गेली. पुढे आयुष्यभर त्याला वाटायचं, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

सिडनीला जाणारी आगबोट खाडीबाहेर थांबते, तिथपर्यंत होडीने जावं लागतं. क्लॅरी नेहमी दोन दिवस लावून घोडागाडीने जायचा. त्या दिवशी डिनीने होडी लोटली आणि म्हणाला, "बस."

"मी गाडीने..."

"बस, सशा."

तो बसला. कॅमेरा पेलने आधीच काढून घेतला होता. दोन्ही हातांनी फळी धरून तो डोळे मिटून बसला. काळ्या कड्याखाली आल्यावर डिनीने वल्हवणं थांबवलं.

"ओरडायचं होतंस रे," डिनी म्हणाला. आवाजात राग होता, आणि नुसता रागच नव्हता.

"आवाज आला नाही."

"आता ओरड."

"काय?"

"'डिनी' म्हण. माझं नाव इतकंही अवघड नाही."

क्लॅरीने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा कोकरासारखा आवाज निघाला. डिनी वल्ही मांडीवर ठेवून बसून राहिला, होडी लाटेवर वरखाली होत होती, कडा जवळ येत होता. तिसऱ्यांदा क्लॅरी इतक्या जोरात ओरडला की आगबोटीवरची माणसं कठड्याशी आली.

"हां," डिनी म्हणाला आणि वल्ही पाण्यात घातली. "कान फोडलेस."

मनगटातलं घड्याळ बंद पडलं, हा विनोद सिडनीत आठवड्याभरात सगळीकडे झाला. मोठी कामं गेली. क्लॅरीने पुढची अकरा वर्षं गाईंची प्रदर्शनं, शाळांच्या शर्यती, पुलांची उद्घाटनं आणि कधीमधी कुणा गरीब कंपनीच्या साहसाच्या गोष्टी टिपल्या. कामाच्या आधी तो दिग्दर्शकाला सांगायचा, मी घाबरट आहे, घाबरलो तर मधेच थांबून ओरडेन. बरेच जण तिथेच नको म्हणायचे.

कॅमेरा मधेच थांबवला तर भिंगामागची झडप कधीकधी उघडी राहते आणि शेवटच्या चौकटीवर उजेड साचून ती पांढरी फटक पडते. त्याच्या नंतरच्या रिळांत अशा चौकटी जागोजागी आहेत. घोडा बुजायच्या आत, शिडी कलायच्या आत, पोर पाण्याकडे धावलं की लगेच. मी आतापर्यंत सव्वीस मोजल्यात. प्रत्येकीच्या पुढच्या चित्रात ती माणसं पुन्हा उभी दिसतात, कपडे झाडत, कॅमेऱ्याकडे वैतागून बघत.

टोरामीच्या रिळात तशी एकही नाही.